पिवळ्या ठिपक्यांची बाराखडी

बेळगावच्या टिळकवाडीत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. सकाळी नाडकचेरीचे (म्हणजे कर्नाटकातल्या महसुली कचेरीचे) अर्ज, दुपारी पहाणीच्या (जमिनीच्या उताऱ्याच्या) प्रती, संध्याकाळी कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट आणि निवडणूक लागली की रात्रीबेरात्री पत्रकं. सगळा जन्म कागदात गेला, तरी माझंच मशिन माझ्या नकळत त्या कागदावर काय लिहितं ते मला गेल्या गणपतीनंतर एका पोरानं दाखवलं.

पोरगा वकिलीचा अभ्यास करणारा. आदल्या दिवशी प्रोजेक्टचं रंगीत मुखपृष्ठ काढून घेऊन गेला होता. तेच पान घेऊन परत आला.

"काका, तुमचं मशिन आमच्यावर नजर ठेवूलंय म्हणे."

मला वाटलं, पैसे परत मागायची नवी तऱ्हा. तर म्हणाला, "मोबाईलवर वाचलो. रंगीत प्रिंटवर पिवळी ठिपकं असतात म्हणे. मी घरात भिंग लावून बघितलो, खरं काय दिसलं नाही."

(बेळगावबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. त्यात खरंखोटं काही नसतं.)

भिंगानं दिसत नाहीत, कारण पांढऱ्या कागदावर पिवळा रंग डोळ्याला जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून तर पिवळा निवडलाय. ठिपका असतो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा आणि दोन ठिपक्यांत अंतर साधारण मिलिमीटरभर. तो पकडायचा तर निळा उजेड लागतो. पांढरा कागद निळा उजेड परत फेकतो, मशिनातली पिवळी पावडर (टोनर) तो गिळून टाकते, त्यामुळे पिवळा ठिपका काळा दिसायला लागतो. दुकानात निळा दिवा कुठला? मखराची एलईडीची माळ अजून पोत्यातच होती. तिच्यातली निळी माळ लावली, शटर अर्धं ओढलं, लाईट बंद केली आणि भिंग धरलं.

पानाच्या मोकळ्या जागेत राजगिरा सांडल्यासारखे बारीक काळे कण. आणि सांडलेले नव्हेत, मांडलेले. एक छोटी चौकट, तिच्या शेजारी तीच चौकट, खाली पुन्हा तीच. पानभर.

आता हे काय प्रकरण ते सांगतो.

१९८० च्या दशकात रंगीत कॉपी काढणारी मशिनं येऊ लागली तेव्हा सरकारांना धडकी भरली ती नोटांची. मशिनात नोट ठेवली, बटण दाबलं, नोट बाहेर. मशिनं विकायची तर ही भीती घालवायला हवी होती. झेरॉक्स आणि कॅनन यांनी (इथं झेरॉक्स म्हणजे कंपनी, आपल्याकडं कुठल्याही कॉपीला म्हणतात ते नव्हे) मशिनाच्या आतच तोडगा बसवला: निघणाऱ्या प्रत्येक पानावर मशिनाचा नंबर न दिसेल असा उमटवायचा. खोटी नोट सापडली की ठिपके वाचायचे आणि नंबरावरून गिऱ्हाईक शोधायचं. हे जवळपास वीस वर्षं लोकांच्या कानावर आलं नाही. २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये नकली नोटांच्या तपासात ही युक्ती वापरल्याची बातमी आली आणि चर्चा सुरू झाली. पुढच्या वर्षी अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं लोकांकडून छापील पानं मागवली आणि झेरॉक्सच्या डॉक्युकलर मालिकेतल्या मशिनाची लिपी उलगडून जाहीर केली. नोटांच्या गुन्ह्यांसाठी कंपन्यांशी असं ठरलेलं आहे हे तिथल्या सीक्रेट सर्व्हिसनंही मग कबूल केलं.

लिपी म्हटलं तरी भिऊ नका. वजनमापं माहीत असतील तर ती येते.

आमच्या आजीच्या तोंडी किलो कधी आला नाही. छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर. यात प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट आहे. अदपाव दोन छटाकांचा, पावशेर चार, अच्छेर आठ, शेर सोळा. ही पाच मापं एकेकदाच तराजूत टाकून तुम्ही एका छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंत कुठलंही वजन करू शकता. अकरा छटाक हवेत? अच्छेर, अदपाव, छटाक. दुसरी कुठली जुळणी बसतच नाही. संगणकाची शून्य-एकची भाषा म्हणतात ती हीच: माप तराजूत टाकलं की एक, नाही टाकलं की शून्य.

त्या ठिपक्यांच्या चौकटीत पंधरा उभ्या ओळी आणि आठ आडव्या. एका उभ्या ओळीत खालून वर सात मापं रचलेली: १, २, ४, ८, १६, ३२, ६४. ठिपका असेल तर ते माप धरायचं, नसेल तर सोडायचं. डावीकडून दुसरी ओळ मिनिटांची. पाचवी तासाची, सहावी तारखेची, सातवी महिन्याची, आठवी वर्षाची. अकरावी ते चौदावी या चार ओळींत मशिनाचा नंबर, एका ओळीत दोन आकडे.

वाचलेल्या या माहितीवर आम्ही दोघं बसलो. ठिपके मांडायची माझ्या मशिनाची पद्धत तीच निघाली हे आमचं नशीब, कारण कंपनीगणिक ही मांडणी बदलते. पोरगा भिंगातून सांगतोय, मी जुन्या बिलाच्या पाठीवर मांडतोय. मिनिटांच्या ओळीत ३२, १६ आणि २. पन्नास. तासाच्या ओळीत ४. पहाटेचे चार पन्नास?

इथं सगळ्यात वरची, आठवी आडवी ओळ उपयोगी पडली. ती पडताळ्याची. प्रत्येक उभ्या ओळीत ठिपक्यांची संख्या विषमच असली पाहिजे असा नियम आहे. मापांचे ठिपके सम आले तर मशिन वर एक जादा ठिपका घालून विषम करतं. आमच्या तासाच्या ओळीत ४ चा एक आणि वरचा पडताळ्याचा एक, असे दोनच. म्हणजे एक ठिपका आम्हाला चुकला होता. तो कुठला, तेही कळायची सोय आहे: डावीकडची पहिली उभी ओळ आडव्या ओळींचा असाच पडताळा करते. सगळ्या आडव्या ओळी मोजल्या. दोनच्या मापाची ओळ सम निघाली. जिथं ती तासाच्या ओळीला छेदते तिथं बघितलं तर प्रोजेक्टच्या शीर्षकातल्या 'ळ'चं काळं पोट येऊन बसलेलं. शेजारच्या चौकटीत तीच जागा मोकळी होती आणि ठिपका ठळक होता. चार नि दोन सहा. सहा वाजून पन्नास मिनिटं.

बँकेतही बेरीज-पडताळ्याची हीच रीत असते, पण 'ळ'च्या पोटाखाली लपलेला ठिपका अशा तऱ्हेनं हुडकून काढल्यावर पोराच्या तोंडून शिट्टी निघाली.

"खरं काका, सहा पन्नासला तुमचं दुकान उघडलेलं असतंय काय?"

नसतं. मी दहाला येतो. आणि त्याची प्रिंट तर सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांची होती. हे ठामपणे कसं सांगतो? त्यानं मोबाईलवरून पैसे भरले होते आणि माझ्या फोनवर ११:२२ चा मेसेज होता, त्याच्या पूर्ण नावासकट. ठिपक्यांना घाबरून आलेला पोरगा त्याच पानाचे दहा रुपये देताना स्वतःचं नाव, वेळ आणि बँक माझ्याकडं ठेवून गेला होता. हे त्याला दाखवलं तेव्हा तो जरा गप्प झाला.

सहा पन्नासचं कोडं नंतर सुटलं. तोवर एक मुद्दा सांगायचा आहे, कारण त्याबद्दल उलटसुलट फार ऐकायला मिळतं. ठिपका मशिनाचा नंबर सांगतो, माणसाचं नाव सांगत नाही. नंबरापासून माणसापर्यंत जायला मध्ये कुणीतरी वही ठेवलेली असावी लागते: मशिन कुणी कुणाला विकलं, ते कुठल्या टेबलावर आहे, त्या वेळी कुणी प्रिंट काढली.

अमेरिकेतलं रिअ‍ॅलिटी विनर हिचं प्रकरण याच कारणासाठी समजून घ्यावं. २०१७ मध्ये तिनं कामाच्या ठिकाणाहून एक गोपनीय सरकारी अहवाल छापून 'द इंटरसेप्ट' या वृत्तसंस्थेला पाठवला. त्यांनी छापील पानांचं स्कॅन प्रसिद्ध केलं आणि त्यात पिवळे ठिपके जसेच्या तसे राहिले. जाणकारांनी ते वाचून सांगितलं, हे पान ९ मे २०१७ ला सहा वाजून वीस मिनिटांनी छापलंय. तेव्हापासून 'ठिपक्यांनी तिला पकडून दिलं' असं सगळीकडं सांगतात. तपास यंत्रणेनं कोर्टात दिलेल्या निवेदनात मात्र ठिपक्यांचा उल्लेख नाही. त्यात आहे ते असं: पानांवर घडीच्या खुणा दिसल्या, म्हणजे कुणीतरी ती छापून बाहेर नेली, ऑफिसच्या नोंदीत बघितलं तर तो अहवाल सहाच जणांनी छापला होता, आणि त्या सहांपैकी एकीच्याच ऑफिसच्या संगणकावरून त्या वृत्तसंस्थेला ईमेल गेला होता. तिला त्रेसष्ट महिन्यांची शिक्षा झाली. ठिपके नसते तरी ती सापडली असती. चुगली ऑफिसच्या नोंदवहीनं केली.

कुठल्या मशिनातून ठिपके येतात? रंगीत लेझर प्रिंटर आणि रंगीत कॉपी मशिनं. काळ्या-पांढऱ्या लेझरात पिवळी पावडरच नसते, तिथं प्रश्न येत नाही. घरातल्या शाईच्या प्रिंटरमध्येही हे पिवळे ठिपके आढळलेले नाहीत. जर्मनीत ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी अठरा कंपन्यांच्या १४१ प्रिंटरांची १,२८६ पानं तपासली आणि २०१८ मध्ये आपलं काम मांडलं. तोवर माहीत नसलेल्या मांडण्याही त्यांना सापडल्या. ठिपके वाचणारं, आणि जादा ठिपके मिसळून वाचन अशक्य करणारं सॉफ्टवेअरही त्यांनी सगळ्यांसाठी खुलं केलं.

ठिपके नसलेलं मशिन मुकं असतं असं मात्र नाही. ड्रमला ओरखडा पडला की प्रत्येक कॉपीवर त्याच जागी तीच रेघ येते, हे कुठलाही झेरॉक्सवाला सांगेल. ती रेघ बघून मी सांगू शकतो की कॉपी माझ्याकडची की समोरच्याकडची. टाईपरायटरच्या जमान्यात झिजलेल्या, वाकड्या अक्षरावरून मशिन ओळखायचे, तोच प्रकार. या खुणा कुणी मुद्दाम ठेवलेल्या नसतात, त्या झिजेतून येतात. पिवळा ठिपका मुद्दाम ठेवलेला असतो, आणि सांगून ठेवलेला नसतो. माझी खरी तक्रार इथं आहे.

कारण कागदावर छापणाऱ्याचा माग ठेवणं आम्हाला नवीन नाही. आमच्या भागात पत्रकं किती निघतात ते सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून दर १ नोव्हेंबरला काळा दिन, त्याची फेरी, मोर्चे, मराठीतून परिपत्रकं द्या म्हणून निवेदनं, सगळं कागदावर. त्या प्रत्येक पत्रकाच्या तळाला बारीक टाईपात छापखान्याचं नाव आणि गाव. १८६७ च्या कायद्यानंच ते घालायला लावलं होतं. इंग्रजांना १८५७ नंतर कुठला कागद कुठून निघाला हे कळायला हवं होतं. २०२३ मध्ये नवा कायदा झाला, आणि २०२४ मध्ये तो लागू झाल्यावर जुना कायदा गेला. निवडणुकीच्या पत्रकांना मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ अजून लागू आहे. मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता पत्रकाच्या दर्शनी भागावर पाहिजे. छापून घेणाऱ्यानं सहीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, त्यावर त्याला स्वतः ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, आणि छापून झाल्यावर एक प्रत अधिकाऱ्यांकडं. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दर निवडणुकीला एखादा तरी येतो. "नाव घालू नको की गा, पाचशेच तर हवेत." त्याला मी फायलीतला फॉर्म दाखवतो. तो चिडतो, दुसऱ्या दुकानात जातो, जाऊ दे. पण बघा, या सगळ्या व्यवहारात त्याला माहीत आहे की खाली नाव येणार आहे. नाव घालायचं की पत्रकच काढायचं नाही, हे तो ठरवू शकतो. पिवळ्या ठिपक्यांच्या बाबतीत ना त्याला विचारलं, ना मला. नाडकचेरीच्या दाखल्यावर आरडी नंबर ठळक छापलेला असतो, त्याची कुणी तक्रार करत नाही, उलट नंबर दिसला नाही तर दाखला खोटा म्हणून परत करतात. खुणेला लोकांचा विरोध नसतो, चोरून केलेल्या खुणेला असतो.

२००८ मध्ये युरोपीय आयोगासमोर हाच सवाल आला तेव्हा उत्तर मिळालं की असे ठिपके रोखणारा वेगळा कायदा नाही, पण त्यांच्यावरून माणूस ओळखता येत असेल तर खासगीपणाच्या मूलभूत हक्काचा भंग होऊ शकतो. आपल्याकडं हा हक्क २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं मान्य केला. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. पोराला हे तोंडपाठ होतं. परीक्षेला येतं म्हणाला.

आता दुकानदार म्हणून खरं सांगायचं तर, साध्या माणसानं रात्रीची झोप घालवावी असं या ठिपक्यांत काही नाही. लग्नपत्रिकेवर ठिपके असले काय, नसले काय. भीती धरायची तर दुसऱ्या तीन गोष्टींची.

पहिली, मशिनाच्या पोटातली हार्ड डिस्क. मोठ्या डिजिटल कॉपी मशिनात ती असते, आणि कॉपी काढताना तुमच्या आधारकार्डाचं चित्र तिच्यावर उतरू शकतं. मशिन विकताना डिस्क पुसली नाही तर सगळं पुढच्या मालकाच्या घरी. अमेरिकेत अ‍ॅफिनिटी नावाच्या आरोग्य विमा कंपनीनं भाड्यानं घेतलेली कॉपी मशिनं डिस्क न पुसता परत केली, त्यात रुग्णांची माहिती सापडली, आणि २०१३ मध्ये तिला बारा लाख डॉलरांवर रक्कम भरावी लागली. दुसरी, आम्हा दुकानदारांचे व्हॉट्सअ‍ॅप. "काका, पाठवलोय, प्रिंट काढून ठेवा" म्हणून येणारी आधार, पॅन, पासबुकं. माझ्या दुकानाच्या मोबाईलमध्ये एकदा मागं जाऊन बघितलं तर अर्ध्या टिळकवाडीची कागदपत्रं निघाली. आता दर शनिवारी पुसतो. पण तुम्हीही प्रिंट हातात पडली की 'सगळ्यांसाठी डिलीट' करा, आणि जिथं चालतं तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

तिसरी, रद्दी. वाकडी आलेली कॉपी टोपलीत जाते, टोपली रद्दीवाल्याकडं, आणि रद्दी भज्याच्या गाड्यावर. आमच्या मेहुण्याला मिरची भजी खाताना पुडीच्या आतल्या बाजूला कुणाचंतरी रेशनकार्ड मिळालं, कुटुंबातल्या सहाही जणांच्या नावांसकट, तेलानं पारदर्शक झालेलं. ते वाचायला निळी माळ लागली नाही.

राहता राहिलं ते सहा पन्नास. माझं मशिन सेकंडहँड. परदेशात वापरून झालेली मशिनं कंटेनरनं मुंबईला येतात, तिथून आमच्यासारख्यांकडं. मशिनाच्या मेनूत जाऊन घड्याळ बघितलं तर ते आपल्यापेक्षा बरोबर साडेचार तास मागं होतं. पोरानं मोबाईलवर हुडकलं: इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात हीच वेळ असते. म्हणजे उद्या कुणी या पानावरचे ठिपके वाचत माग काढत निघाला तर तो इंग्लंडातल्या कुठल्यातरी ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहणार, आणि तिथं त्याला सांगणार की ते मशिन आम्ही केव्हाच भंगारात दिलं.

"घड्याळ नीट लावूया काय?" पोरानं विचारलं. त्याचं बोट बटणावरच होतं.

मी म्हटलं, राहू दे. कॉप्या मोजणाऱ्या मीटरच्या रीडिंगला घड्याळ लागत नाही.